फाइलला रांग कशाला?

"ताई, ती फाइलच आहे ना? मग रांग कशाला?"

सातवीतल्या एका मुलाचा प्रश्न. टॅबवर त्याला हवं असलेलं पुस्तक दिसत होतं, मुखपृष्ठ अगदी झकास, आणि खाली करड्या रंगाचं बटण : प्रतीक्षायादीत तुमचा क्रमांक 9. मी एका शाळेच्या ग्रंथालयात आठवड्यातून दोन दुपारी मदतीला जाते. "पुस्तक बाहेर गेलंय, परत आलं की देते" हे वाक्य आजवर हजारदा म्हटलं असेल. त्या दिवशी मात्र अडखळले. बाहेर कुठे गेलंय? समोर तर दिसतंय.

खरं उत्तर असं की छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेतं आणि मग ते त्याचं होतं. पानं सुटली तर डिंक लावा, बाइंडिंग करा, दहा वर्षं चालवा, प्रकाशक विचारायला येत नाही. ई-पुस्तकाचं तसं नाही. तिथे बहुतेक वेळा मिळतो तो परवाना. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, आणि वर मुदत. काही परवाने वर्ष-दोन वर्षांनी संपतात, काही ठरावीक वेळा पुस्तक दिलं गेलं की संपतात. 2011 साली हार्परकॉलिन्स या बड्या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतल्या ग्रंथालयांना कळवलं, की आमचं ई-पुस्तक 26 वेळा देऊन झालं की परवाना पुन्हा घ्यायचा. त्यांचा हिशेब असा की छापील प्रतही साधारण तेवढ्यात खराब होते! ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी त्याच प्रकाशनाची, 26 च्या कितीतरी पुढे गेलेली धडधाकट पुस्तकं कपाटातून काढून व्हिडिओत दाखवली. ग्रंथपाल शांत असतात हा गैरसमज आहे.

नोव्हेंबर 2019 मध्ये मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने आणखी पुढची पायरी गाठली. नवं पुस्तक निघाल्यावर पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच ई-प्रत, मग तिच्याखाली भलं मोठं शहर का असेना. ग्रंथालयांनी बहिष्कार घातला आणि मार्च 2020 मध्ये तो नियम मागे घेतला गेला.

हे सगळं सांगायचं कारण, "आमच्या शाळेत डिजिटल ग्रंथालय सुरू झालं" अशी पोस्ट हल्ली दर आठवड्याला दिसते. फीत, दिवा, टॅब घेतलेली हसरी मुलं. मी लाइकही करते. पण सुरू झालं म्हणजे काय घेतलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. हजारो पुस्तकं आली म्हणतात. आली नाहीत हो, भाड्याने राहायला आलीत. वर्गणी थकली की एका रात्रीत सगळं कपाट रिकामं, आणि तक्रार करायला धूळसुद्धा शिल्लक नाही.

आमच्याकडे पासवर्डच्या चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक मुलाला एक, इंचभर रुंद, त्यावर बारीक अक्षरात बारा खुणा. त्यात शून्य आणि इंग्रजी ओ शेजारी शेजारी. वाचनाचा तास चाळीस मिनिटांचा, त्यातली पंधरा "ताई, चुकीचं म्हणतंय" यात जातात. ज्याचं आधी उघडतं तो गोष्ट वाचत नाही, शेजाऱ्याचं उघडून देतो. चांगलं मूल आहे, पण त्याचं वाचायचं राहिलं.

काचेच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे, हे आमच्या पिढीने भोगलंय. त्याहीआधी युरोपात पुस्तकं साखळीने फळीला बांधलेली असत. इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथेड्रलमध्ये तसं ग्रंथालय अजून जपून ठेवलंय. आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच : ग्रंथ उपयोगासाठी आहेत. वाचताना वाटतं, हे काय सांगायचं असतं? पण तो समजावताना त्यांनी या साखळ्यांचीच आठवण काढली होती. आताची साखळी दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून माझा जीव उघड्या कपाटांवर. मायकेल हार्टने 1971 मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर आज 70,000 हून जास्त पुस्तकं आहेत, बहुतेक स्वामित्वहक्क संपलेली. नोंदणी नाही, रांग नाही. लहान मुलांसाठी प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ, 2015 पासूनचं. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्यावर आहेत : वाचा, छापा, भाषांतर करा, फक्त मूळ लेखक-चित्रकारांचं श्रेय द्या. वाचनाच्या चार पातळ्या लावलेल्या आहेत, तीनशेहून जास्त भाषा आहेत, मराठीही. सगळीच भाषांतरं चांगली नाहीत, काही तर वाचवत नाहीत. पण नेट असेल तेव्हा उतरवून ठेवता येतं, आणि छापून मधोमध दोन स्टेपल मारल्या की पुस्तक तयार. आमच्या दुसरीच्या मुलांनी अशी पुस्तकं अक्षरशः लोळत वाचली. पासवर्ड लागला नाही.

उघडं म्हणजे लेखकाच्या खिशात हात घालणं नव्हे, हेही म्हणते. मार्च 2020 मध्ये सगळं बंद असताना इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या ऑनलाइन ग्रंथालयाने आपल्या स्कॅन केलेल्या पुस्तकांवरची प्रतीक्षायादीच काढून टाकली. चार मोठे प्रकाशक कोर्टात गेले. 2023 मध्ये आर्काइव्ह हरलं, 2024 मध्ये अपिलातही. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनी देण्याच्या यादीतून गेली. रांग काढणं मलाही चुकीचं वाटलं होतं. पण विकत घेतलेल्या एका छापील प्रतीमागे एका वेळी एकालाच स्कॅन द्यायची जुनी पद्धतही निकालाने नाकारली, ते मात्र अजून पचलेलं नाही.

"कागदावरचंच वाचन खरं" म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण सरसकट तसं नाही. 2018 मध्ये 54 अभ्यास एकत्र करून तपासले गेले, त्यात भाग घेणारे 1 लाख 70 हजारांवर. माहितीपर मजकूर पडद्यावर कमी कळतो, घाईत तर आणखी कमी. गोष्टींत मात्र तसा फरक आढळला नाही. म्हणजे गोष्टी टॅबवर चालतील, भूगोल कागदावर ठेवा. आपण नेमकं उलटं करतो.

आणि एक मूल असतं ज्याला कागद चालतच नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तक ब्रेल किंवा श्राव्य रूपात करताना दर वेळी परवानगी मागावी लागू नये म्हणून 2013 मध्ये माराकेश करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, 2014 मध्ये. तरी शाळांना विकली जाणारी कित्येक ॲप्स पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला पानाऐवजी चित्र देतात. ते बिचारं "प्रतिमा, प्रतिमा" म्हणत बसतं.

तर मध्यंतरी एका कंपनीचा माणूस शाळेत आला. उत्तम सादरीकरण, पानं उलटताना आवाजसुद्धा. मी तीन गोष्टी विचारल्या. एक पुस्तक एका वेळी किती मुलं वाचू शकतील? पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही तर आमच्याकडे काय उरेल? आणि आमच्या नववीतल्या मुलीला, जिला दिसत नाही, हे वाचून दाखवलं जाईल का?

पहिल्याचं उत्तर त्याने लगेच दिलं : एक. उरलेल्या दोन्हींचं म्हणाला, वर विचारून सांगतो. दोन महिने झाले. अजून विचारतोय.