शापिरो नापास म्हणून मिक्स्ड मॉडेल बाद? कोण म्हणतं?

पुण्यातल्या पीएचडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर परत तो मेसेज फिरतोय, की मिक्स्ड मॉडेल (एकाच माणसाच्या किंवा गटाच्या अनेक नोंदी असतात तेव्हाचं सांख्यिकी मॉडेल) लावायच्या आधी आउटकमवर, म्हणजे जे मोजलं त्यावर, शापिरो-विल्क टेस्ट (आकडे नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात पसरलेत का ते बघणारी) करा, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, म्हणजे नापास झाली, तर मॉडेल बाद, सरळ क्रुस्कल-वॉलिस (नॉर्मल न धरता गटांची तुलना करणारी टेस्ट) करून मोकळे व्हा. थिसिस सबमिशनच्या तोंडावर पोरं हे वाचून घाबरतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे आउटकम नॉर्मल हवा असं मॉडेल कुठंच म्हणत नाही. नॉर्मल धरलेल्या गोष्टी दोनच, रेसिड्युअल (मॉडेलच्या अंदाजानंतर उरलेला फरक) आणि रँडम इफेक्ट (एकेका माणसाचा किंवा गटाचा सरासरीपासूनचा फरक). समजा हडपसर, येरवडा, कात्रजच्या अंगणवाड्यांतल्या पोरांची वजनं आहेत, प्रत्येकाचं एकदा वर्षाचं असताना आणि एकदा पाच वर्षांचं झाल्यावर घेतलेलं. हिस्टोग्राम काढला की दोन टेकाडं दिसणार, एक ९ किलोच्या आसपास नि दुसरं १६-१७ च्या, आणि शापिरो बोंब मारणारच. पण वय मॉडेलमध्ये टाकलं की तो फरक वयाच्या खात्यात गेला, मागे उरलं ते रेसिड्युअल, त्याचा क्यू-क्यू प्लॉट (ठिपके सरळ रेषेवर आले तर नॉर्मल) बघा ना! फार तर पाच वर्षांच्या पोरांत पसारा जास्त दिसेल, पण तो व्हेरियन्सचा, म्हणजे पसाऱ्याचा, प्रश्न झाला, आणि त्याच्याकडे मात्र खरंच लक्ष द्यायला हवं, ज्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

बरं, शापिरो रेसिड्युअलवर लावली तरी काय? नोंदी २० असल्या तर मोठी गडबडही सुटून जाते आणि ४००० असल्या तर कुणाला फरक पडणार नाही एवढ्याशा वाकडेपणालाही ती नापास करते.

आणि क्रुस्कल-वॉलिस म्हणजे तर आगीतून फुफाट्यात. ती नोंदी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरते. एकाच पोराची दोन वजनं स्वतंत्र कशी? म्हणून तर मिक्स्ड मॉडेल घेतलं होतं ना राव!

राहिला रँडम इफेक्ट, तो नॉर्मल नसला तर काय? मॅककुलक आणि न्यूहाउस यांनी २०११ मध्ये आणि शिल्झेथ वगैरे मंडळींनी २०२० मध्ये हे तपासलंय, फिक्स्ड इफेक्टचे (वयासारख्या, सगळ्यांना सारख्या लागू परिणामांचे) अंदाज बहुतेक वेळा फारसे हलत नाहीत. एकेका पोराचं पुढचं वजन सांगायचं असेल किंवा व्हेरियन्सचा इंटरव्हल (अंदाजाची खालची-वरची मर्यादा) द्यायचा असेल तर जपून. आणि अंगणवाड्या सहाच असतील तर त्यांच्या रँडम इफेक्टचा क्यू-क्यू प्लॉट काढून त्या सहा ठिपक्यांत काय कप्पाळ दिसणार? ठिपके भरपूर असले तरी ते अंदाज मॉडेलनेच सरासरीकडे ओढलेले असतात, त्यामुळे मूळ आकार वाकडा असूनही प्लॉट छान दिसू शकतो.

हां, आउटकम हो-नाही असेल किंवा महिन्यात किती वेळा ताप आला अशी शून्यांनी भरलेली मोजणी असेल तर इथवर बोललो ते लिनिअर सोडून अशा आउटकमसाठीच्या जनरलाइज्ड मिक्स्ड मॉडेलकडे जा, पण ते कळायला शापिरो कशाला, कॉलम उघडून बघितला तरी कळतं.