फक्त बारा डिस्क तर टाकायच्यात

स्टोरेज भरत आलं की डिस्क वाढवायच्या, त्यात काय एवढं, असं ज्यांना ज्यांना वाटतं ते सगळे ऑफिसात नेमके माझ्या वरच्या पदांवर बसलेत.

आमच्याकडे सेफ (Ceph) आहे. म्हणजे बऱ्याच सर्व्हरांच्या डिस्का एकत्र जोडून एकच मोठं स्टोरेज करणारं ते ओपन सोर्सवालं सॉफ्टवेअर, सेज वाईलने कॅलिफोर्नियातल्या (आपल्या नव्हे) सांताक्रूझच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करताना सुरू केलेलं, आज सर्न या युरोपातल्या मोठ्या फिजिक्स लॅबमध्येही वापरतात. यातली गंमत अशी की कुठला डेटा कुठल्या डिस्कवर पडलाय याची भलीमोठी वही कोणी ठेवतच नाही. क्रश नावाचा अल्गोरिदम आहे, तो डिस्कांची यादी बघून दरवेळी गणित करतो आणि सांगतो की याच्या तीन कॉप्या ह्या ह्या तीन डिस्कवर. एकदम भारी. फक्त यादी बदलली की गणिताचं उत्तर बदलतं, आणि उत्तर बदललं की डेटाने चंबूगबाळं आवरून नव्या जागी जायचं. आणि हे सगळं चालू सिस्टीमवर हं, म्हणजे चालत्या कल्याण फास्टला मधेच तीन डबे जोडायचे, अनाउन्समेंट करायची की आता सगळ्यांनी नवीन हिशोबाने बसून घ्या, आणि वर गाडी एक मिनिटही लेट झाली नाही पाहिजे.

तर झालं असं की जुन्या डिस्का 85 टक्क्यांच्या वर गेल्या आणि डॅशबोर्ड पिवळा झाला. 85 ला सेफ नुसतं कुरकुरतं, 90 ला गेलेली डिस्क म्हणते मला आता इकडून तिकडून डेटा पाठवू नका, आणि एक जरी डिस्क 95 ला टेकली की लिहिणंच बंद, मग बाकीच्या डिस्कांवर कितीही जागा असो. मी 70 ला असल्यापासून मेल टाकत होतो. मेलला उत्तर 86 ला आलं, "अर्जंट करून टाक."

अर्जंट म्हणजे तीन कोटेशन, त्यातलं एक मुद्दाम महाग, मग पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, मग अकाउंट्सच्या मॅडम. मॅडमनी एकच प्रश्न विचारला पण असा विचारला की अजून आठवतोय. 16 टीबीच्या बारा डिस्क म्हणजे 192 टीबी ना, मग वापरायला किती मिळणार? मी म्हणलं साधारण 50. मॅडम बघतच राहिल्या. म्हणलं मॅडम असं बघा, कंपनी 1000 ने मोजते आणि कॉम्प्युटर 1024 ने, त्यामुळे 16 ची डिस्क आत गेली की 14.55 दिसते, सगळ्या मिळून 174. प्रत्येक गोष्टीच्या तीन कॉप्या ठेवतो म्हणून भागिले तीन, 58. आणि 85 च्या वर भरायचं नाही म्हणून 49 आणि थोडं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे वेंडरने फसवलं तुम्हाला." शेवटी सही केली, पण तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटल्या की जरा कीव केल्यासारख्या हसतात.

डिस्का घेऊन नवी मुंबईत महापेच्या डेटा सेंटरला गेलो. गेटवर सिक्युरिटीवाल्या काकांनी बाराच्या बारा सिरियल नंबर रजिस्टरमध्ये हाताने लिहून घेतले, झिरो का ओ यावर चर्चा झाली, मग बॅग तपासली आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, "पेनड्राइव्ह वगैरे नाही ना? अलाउड नाही." 192 टीबी काखेत धरून मी म्हणलं नाही काका, पेनड्राइव्ह नाही.

आत जायच्या आधी क्लस्टरला, म्हणजे सेफच्या सगळ्या सर्व्हरांना मिळून, नोरिबॅलन्सचा फ्लॅग (डेटा हलवू नको अशी खूण) लावून ठेवला होता. हे महत्त्वाचं, कारण आमचं सेटिंग असं आहे की रिकामी डिस्क दिसली की सेफ विचारत बसत नाही, थेट आपली म्हणून घेतं, आणि पहिली डिस्क सरकवून दुसरीचे स्क्रू शोधतोय तोवर डेटा हलायला सुरुवात, मग दुसरी टाकली की परत नवं गणित, तिसरीला परत. फ्लॅग लावला की सगळ्या बसेपर्यंत गप राहतं. चार सर्व्हर, प्रत्येकात तीन डिस्का, प्रत्येक डिस्कच्या ट्रेला चार बारके स्क्रू, कोल्ड आइलमधे, म्हणजे गार हवा सोडतात त्या गल्लीत, बोटं गारठलेली आणि पंख्यांचा तो आवाज. बसल्या एकदाच्या. फ्लॅग काढला.

40 टक्के. आधीच्या 8 टीबीच्या छत्तीस, म्हणजे 288, त्यात आता 192 ची भर, म्हणजे एकूण जागेतला 40 टक्के भाग नवीन, म्हणून तेवढाच डेटा हलणार, हिशोब चोख होता. पण डॅशबोर्डवर नुसतं "40 टक्के ऑब्जेक्ट (म्हणजे डेटाचे तुकडे) जागेवर नाहीत" असं दिसतं आणि तो डॅशबोर्ड आमच्या साहेबांच्या, म्हणजे सरांच्या, केबिनमधल्या टीव्हीवर लावलेला आहे (ही आयडिया माझी नाही).

"जागेवर नाहीत म्हणजे? कुठे आहेत?"
"आहेत तिथेच आहेत सर."
"मग जागेवर आहेत ना!"
"आहेत, पण ती आता त्यांची जागा नाही."

सरांनी पाणी प्यायलं.

पुढचे दिवस टक्क्यांचे. उरलेला वेळ म्हणून सेफ जे दाखवतं त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवू नये, सकाळी 3 आठवडे, जेवून आलो तर 2 दिवस, चहाला 5 आठवडे. स्पीड वाढवला की अ‍ॅप्लिकेशनवाले बोंबलतात, कमी केला की सर. त्यात नवीन डिस्का दुप्पट मोठ्या म्हणून त्यांच्या वाट्याला डेटा दुप्पट, पण फिरायचा वेग जुन्यांएवढाच, त्यामुळे त्याच घामाघूम. आणि जुन्या लगेच रिकाम्या होतील म्हणाल तर तेही नाही, नव्या जागी पूर्ण कॉपी झाल्याशिवाय सेफ जुनी पुसत नाही. बरोबरच आहे म्हणा, माझ्याही डेटाचं कोणी असंच करावं.

खरी मजा 5 टक्क्यांना. 40 वरून 30, 20, 10, सगळे खूश, 5.2, 5.1, 4.9, आणि परत 5.3. परत 4.9, परत 5.2. सरांना वाटलं टीव्ही बिघडला. आत एक बॅलन्सर असतो, तो 5 च्या वर काही चालू असेल तर गप्प बसतो आणि 5 च्या खाली आलं रे आलं की म्हणतो, अजून थोडं इकडचं तिकडे केलं तर किती छान दिसेल. नवीन काम काढतो. हे मी सरांना समजावलं. सर म्हणाले, "कोणी सांगितलंय त्याला?"

शेवटी एका पहाटे हेल्थ ओके आलं. हिरवं. मी एकट्याने पाहिलं, स्क्रीनशॉट काढला, ग्रुपवर टाकला, एका अंगठ्यापलीकडे काही आलं नाही.

नऊ वाजता डॅशबोर्ड परत पिवळा. डेटा हलत असताना सेफ स्क्रबिंग पुढे ढकलतं, म्हणजे ते दर आठवड्याला सगळ्या कॉप्या वाचून एकमेकींशी ताडून बघतं ना, ते तुंबलं होतं. काळजीचं काही नाही, आपलं आपण उरकतं, आणि त्याला टक्के नसतात, नुसता किती बाकी तो आकडा.

हे सगळं केबिनमध्ये उभं राहून सांगितलं. सरांनी टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग आता मी टक्के कशाचे बघू?"