कळंब्याचा 'तो' पक्षी : माझी चूक, माझा खुलासा

रविवारी कळंबा तलावावर काढलेला माझा फोटो "कोल्हापुरात स्पून-बिल्ड सँडपायपर!" (म्हणजे टोकाशी चमच्यासारखी चोच असलेला, अतिशय दुर्मिळ छोटा पाणपक्षी) म्हणून गावभर फिरतोय. सुरुवात माझ्याच पोस्टने झाली, म्हणून खुलासाही मीच करतो. फोटोतला पक्षी छोटा टिलवा आहे. दर हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा, चिमणीएवढा, काळ्या पायांचा.

फसलो कुठे? फोटोत चोचीचं टोक पसरट दिसतं, अगदी चमच्यासारखं. घरी येऊन त्याच वेळचे बाकीचे फोटो मोठे करून पाहिले. तिसऱ्या फोटोत पक्ष्यानं चोच पाण्यात बुचकळली आहे, आणि चौथ्यात 'चमचा' गायब! टोकाला चिखलाचा गोळा चिकटला होता, एवढंच. चिखलाखालची चोच बारीक, सरळ, टोकदार. खऱ्या स्पून-बिल्ड सँडपायपरची चोच समोरून किंवा वरून पाहिली की टोकाशी रुंद दिसते (एका बाजूनं पाहिलं तर ते पटकन कळत नाही), पण धुतली म्हणून बारीक होत नाही. एका फोटोवर उडी मारायला नको होती.

शिवाय स्पून-बिल्ड सँडपायपर रशियाच्या ईशान्य किनाऱ्यावर वीण घालतो आणि हिवाळ्यात बांगलादेश, म्यानमारकडच्या समुद्राच्या चिखलात उतरतो. जगात काही शेकडेच उरलेत. घाटमाथ्यावरच्या गोड्या पाण्यात तो सापडला, तर पुरावाही तेवढाच भक्कम हवा. (आपल्याकडे 'चमचा' म्हणतात तो बगळ्याएवढा पांढरा पक्षी वेगळाच.)

माझी जुनी पोस्ट काढली आहे. तुमच्या ग्रुपवर तो फोटो आला असेल तर पुढे पाठवू नका, जमल्यास हा खुलासा तिथे टाका. काल काहीजण तो बघायला थेट चिखलात उतरले होते, आणि टिलव्यांचा अख्खा थवा उठून गेला.