‘कातडी बचाऊ’ म्हणणाऱ्या मित्रास

मागच्या लेखात मी एवढंच म्हटलं होतं, की जिल्हा परिषदेच्या शाळेत फुकट खो-खो, कबड्डी शिकवायला जाणाऱ्याने मुख्याध्यापकांकडून लेखी पत्र घ्यावं आणि विम्याचं विचारावं. त्यावर ‘मातीतला गडी’ या टोपणनावाने भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. हे अमेरिकेचं खूळ आहे, पालकांचं संमतिपत्र कोर्टात टिकत नाही, हप्ता कोण भरणार ते मी सांगितलं नाही, अनुदानाचा आकडा जुना आहे, माझा तरी विमा आहे का, आणि शेवटी हे: ‘ज्याला पोरांपेक्षा स्वतःची कातडी प्यारी, त्याने मैदानात पाय ठेवू नये.’

आकड्याची चूक कबूल. राज्य सरकारच्या राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजनेत विद्यार्थ्याच्या मृत्यूसाठीचं अनुदान मी ७५ हजार लिहिलं होतं, २०२२ पासून ते दीड लाख आहे. दुरुस्ती केली आहे. ‘आधी वाचत जा, मग लिहीत जा’ हे शेपूट जोडलं नसतंत, तरी केलीच असती.

आता कातडी.

गडी, तुम्ही कोण, किती वर्षं मैदानावर आहात, मला माहीत नाही. टोपणनावाला गुडघे नसतात. मला आहेत, आणि दोन्ही कामातून गेलेत. नोकरी सांभाळून बावीस वर्षं मी सकाळी साडेसहाला चुन्याची पिशवी घेऊन मैदानावर जातोय. आठवीतल्या एका पोराने खांबाजवळ सूर मारला आणि हात अंगाखाली आला. कोपराच्या वर हाड मोडलं. त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागे त्याचा मित्र धरायला, असा मी तालुक्याला नेला. प्लास्टरचे पैसे मी भरले. ते सांगत नाही, त्याचं दुःखही नाही.

दुःख दुसऱ्या दिवशीचं आहे. पोराच्या कुणा नातेवाइकाने पोलीस ठाण्यात माझ्याविरुद्ध अर्ज दिला. हवालदार शाळेत आले. दर २६ जानेवारीला मला शाल-नारळ देणारे मुख्याध्यापक त्यांना म्हणाले, ‘हे सर आमचे नाहीत. हौस म्हणून येतात.’ रजिस्टरला माझं नाव नव्हतंच, म्हणजे खोटंही बोलले नाहीत. पुढे पोराच्या वडिलांनीच तो अर्ज मिटवला, म्हणून आज तुमच्या शिव्या खायला मी मोकळा आहे.

याला तुम्ही कातडी बचावणं म्हणता? म्हणा. हाड मोडणं ही कायद्याच्या पुस्तकात ‘गंभीर दुखापत’ असते. बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा ठरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पोर दगावलं तर कलम १०६ खाली पाच. ‘पगार घेत नव्हतो’ हा काही बचाव नाही. उलट पगार नाही म्हणून कर्मचाऱ्यांच्या भरपाईच्या कायद्यातही तुम्ही बसत नाही. तुमचाच पाय मोडला तर तुमचा तुम्ही बघा. वर सांगितलेलं अनुदान विद्यार्थ्याच्या घरी जातं, शिट्टीवाल्याला नाही.

पत्र कशाला, हेही सांगतो. १९९५ मध्ये पंजाबातल्या पठाणकोटजवळच्या ‘डलहौसी पब्लिक स्कूल’ची १४ मुलं सहलीत बियास नदीत बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येकी पाच लाखांची भरपाई कायम केली, ती शाळेवर, कारण सोबतचे शिक्षक शाळेचे होते, शाळेच्या कामावर होते. ‘हे आमचे नाहीत’ म्हटल्यावर हा धागाच तुटतो. मग दावा लावणाऱ्यासमोर एकटा उभा राहतो तो हौशी माणूस. एका सहीच्या कागदाने तो धागा बांधला जातो. यात पोरांवरचं प्रेम नेमकं कुठे कमी झालं?

अमेरिकेचं खूळ म्हणालात. बरं. तिथे १९९७ पासून कायदाच आहे, की सरकारी किंवा ना-नफा संस्थेसाठी फुकट काम करणाऱ्याला, सोपवलेल्या कामात साधी चूक झाली तर, नुकसानीसाठी वैयक्तिक जबाबदार धरता येत नाही. घोर निष्काळजीपणा असेल किंवा गाडी चालवताना अपघात झाला असेल, तर ते संरक्षण नाही. (माझी मोटारसायकल तिथेही बाहेरच पडली असती.) आपल्याकडे २०१९ मध्ये संरक्षण मिळालं ते रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला, मैदानावरच्याला नाही. खूळ असेल, तर थोडं इकडेही यायला हरकत नव्हती.

संमतिपत्राचं वकिलांनी बघावं, त्यात मला शिरायचं नाही. हप्ता कोण भरणार, हा शाळा व्यवस्थापन समितीचा विषय. सगळं मीच सांगायचं तर तुम्ही प्रतिक्रिया कशावर लिहिणार?

आणि माझा स्वतःचा विमा आहे का, हा प्रश्न वैयक्तिक आहे, शिवाय खोचक. शाळेच्या पत्रासाठी मी जूनमध्येच अर्ज दिलेला आहे. मुख्याध्यापक बदलून गेले, नवे अजून रुजू झालेले नाहीत. सराव चालू आहे.