वायंडिंग गेलंय म्हणे

चपलासुद्धा न काढता दारात उभं राहायचं, मान वर करून पंख्याकडे एकदा बघायचं, "वायंडिंग गेलंय, नवीन घ्या" म्हणायचं आणि व्हिजिटचे दोनशे रुपये खिशात घालून चालू पडायचं. मे महिन्यात मालवणात इलेक्ट्रिशियनला एवढं काम पुरतं. चाकरमानी आलेले, होमस्टेवाल्यांचे एसी बंद पडलेले, तिथे आमच्या माजघरातल्या पंख्याला कोण विचारतो? पण दोनशे घेतलेस, तर बाबा रे, निदान स्विच तरी चालू करून बघ!

केला असता तर गुरगुर ऐकू आली असती. पंखा गुरगुरतो पण हलत नाही, आणि काठीने पात्याला ढोसलं की फिरू लागतो, तेही ज्या बाजूला ढोसाल त्या बाजूला. असं झालं की कंडेन्सर, म्हणजे मोटारीला जोडलेली चार्ज साठवणारी छोटी डबी, गेला समजायचं. घरच्या सिंगल फेज विजेवर रनिंग वायंडिंग, म्हणजे मोटारीतलं तारेचं मुख्य वेटोळं, एकटं नुसतं थरथरतं. फिरायला लागणारा रेटा दुसऱ्या, स्टार्टिंग वायंडिंगमुळे मिळतो, आणि त्याच्या वाटेवर हा कंडेन्सर बसलेला असतो. तो सुकत गेला की पंखा पाचवर ठेवूनही दोनच्या चालीने फिरतो, आणि मग एक दिवस फिरतच नाही. वायंडिंग खरंच जळलं तर वास येतो, पंखा मुका होतो किंवा एमसीबी पडतो.

शिडी लावली आणि शेजारचे भाऊकाका आले. आमच्याकडे शिडी लागली की ते येतातच. "शिडी धरतंय" म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"वायंडिंग गेला असतला."

"कंडेन्सर गेलाय, काका."

"कंडेन्सर फ्रीजाक असता."

"पंख्यालाही असतो. अडीचचा."

"अडीच काय?"

"मायक्रोफॅरड."

कंडेन्सरच्या मापाचा हा शब्द त्यांनी थोडा वेळ तोंडात घोळवला आणि सोडून दिला. "आमच्या जावयाचो ब्लोअर असोच बंद पडलेलो. शिकागोत. थयसर थंडीत घर गरम करूचा मशीन असता, तेचो. मेकॅनिकान अख्खी मोटार बदलल्यान."

म्हटलं, त्याचाही कंडेन्सरच गेला असेल. तिकडच्या जुन्या फर्नेसच्या ब्लोअरची मोटार याच जातीची, कंडेन्सर तेवढा मोठा, साधारण पाच ते दहाचा. काकांना हा जावयाचा अपमान वाटला. "शिकागोत? थयसर असली दोन इंची वस्तू वापरनत नाय!" टॉर्च धरा म्हटलं, तर मोबाईलवर जावयाच्या घराचे फोटो वर धरून दाखवू लागले. फोटोत कमरेएवढा बर्फ. इकडे घामाने माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

मेन स्विच आधी बंद केलेला होता. नुसत्या बोर्डावरच्या बटणाच्या भरवशावर वर चढू नये. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर दिलेलं सापडतं, आणि बटण बंद असूनही वरच्या वायरीत करंट असतो. मोटारीच्या डोक्यावरची वाटी सैल करून सरकवली की कंडेन्सर दिसतो. त्याची दोन टोकं प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने एकदा जोडायची, साठलेला चार्ज उतरतो. वायरी सोडण्याआधी फोटो काढायचा, कारण रंगांचा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा. कंडेन्सरला उलटसुलट नसतं, पण त्याच्या वायरी चुकीच्या टोकांना गेल्या तर पंखा उलटा फिरतो आणि वारा कौलांना लागतो.

कंडेन्सर सुटा आहे तोवर मल्टिमीटर लावून घ्यावा. मोटारीच्या तीन वायरींत दोन-दोनची जोडी करून ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बघायचे. सगळ्यात मोठं रीडिंग बाकी दोघांच्या बेरजेएवढं आलं, आणि कुठल्याही वायरीपासून बॉडीपर्यंत काहीच दाखवलं नाही, तर वायंडिंग सहसा शाबूत. आमचं शाबूत होतं. व्हिजिट घेणाऱ्याला हे पाच मिनिटांत कळलं असतं.

नवा कंडेन्सर जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच हवा, अडीच असेल तर अडीच, ३.१५ असेल तर ३.१५, आणि ४४० व्होल्टचा. साठेक रुपयांत येतो. दुकानदार "चारचा न्या, जोर वाढेल" म्हणेल. सुरुवातीला वाढतोही, पण स्टार्टिंग वायंडिंग तापत राहतं आणि पुढे तो दारातला निदानकार खरा ठरतो.

"त्यापेक्षा नवो स्टारवालो घेवा," काका खालून. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालंय, आणि बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या मोटारीचा, पंखा पंचाहत्तरऐवजी तीसेक वॅटवर भागवतो, हे खरं. पण त्याचा सर्किट बोर्ड बिघडला की साठ रुपयांत सुटका नाही. कंपनीचा माणूस कुडाळहून कधी येणार, याची वाट बघत उकडत बसायचं.

वर चढलोच होतो म्हणून टांगणीचा बोल्ट आणि तो निसटू न देणारी स्प्लिट पिनही बदलली. खाऱ्या हवेने पिन बोटात चुरली. हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने वर्षाकाठी बघावं, स्टेनलेसची पिन घालावी. पातं हाताने फिरवल्यावर खरखर लागली तर बेअरिंग बघावं, बऱ्याच पंख्यांत ६२०२ नंबरचं असतं. वरून तेल ओतणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. बंद बेअरिंगमध्ये ते शिरत नाही, खाली अंथरुणावर मात्र गळतं. आणि पंखा फक्त संध्याकाळीच मंदावत असेल तर त्याला काही करू नका. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले की मोटारीचा जोर साठ टक्क्यांवर येतो. त्याची तक्रार कुठे करायची ते सगळ्यांना माहीत आहे, उपयोग काय होतो तेही.

वाटी बसवली, मेन चालू केला, पंखा पाचवर भन्नाट सुटला. काकांनी दोन मिनिटं वर बघितलं.

"बंद करा हो जरा," म्हणाले, "माका वारो सोसना नाय."