‘कूलंटचा तापमान सेन्सर कुठेही बसवा, चालतो’ हे आता पुरे झाले

इंजिन बदलून झाले, वायरिंग जोडून झाले, कूलंट भरून हवा काढून झाली, आणि पहिल्यांदाच इंजिन तापवत असताना स्कॅनरवरचे कूलंटचे तापमान ४६ अंशांवर येऊन जे थांबले ते पुढे सरकेचना. इकडे सिलिंडर हेडजवळ हात नेववत नव्हता. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) हाउसिंगवर काळी चिकटपट्टी लावून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, कारण चकचकीत ॲल्युमिनियमवर थेट धरल्यास तो हमखास कमी आकडा दाखवतो, आणि त्यावर ९८ अंश दिसले. फॅन अर्थातच फिरत नव्हता. ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, समजुतीप्रमाणे इंजिन अजून कोमटसुद्धा झालेले नव्हते. चावी फिरवून इंजिन बंद केले आणि तेव्हापासून जो संताप झाला आहे तो अजून उतरलेला नाही.

दोष सेन्सरचा नव्हता, ईसीयूचा नव्हता आणि जागेचाही नव्हता. सेन्सर हीटरकडे जाणाऱ्या होजमध्ये बसवला होता. तिथे थर्मोस्टॅट बंद असतानाही कूलंट फिरत राहते आणि या हीटरच्या मार्गात प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह नाही, म्हणजे जागा विचार करूनच निवडलेली होती. दोष होता तो होजच्या मध्ये बसवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या ॲडॉप्टरचा. दिसायला तो देखणा आहे: ॲल्युमिनियमची गुळगुळीत नळी, दोन्ही टोकांना होज सरकू नये म्हणून काढलेली कड, वरून निळा ॲनोडाइज्ड मुलामा आणि मधोमध सेन्सरसाठी आटे पाडलेला जाडजूड बॉस, म्हणजे उंचवटा. कूलंट काढून सेन्सर सोडवला, नळीच्या टोकातून बॅटरीचा झोत टाकून आत पाहिले, आणि काय केले आहे ते तेव्हा कळले. आटे पाडल्यावर बॉसच्या तळाशी भोक पूर्ण मापाचे आरपार काढलेलेच नाही. तिथे जेमतेम ४ मिलिमीटरचे छिद्र ठेवून दिले आहे. बॉस इतका उंच आहे की सेन्सर शेवटपर्यंत आवळला तरी त्याचे पितळी टोक त्या विहिरीतच राहते, नळीतल्या प्रवाहाला ते शिवतसुद्धा नाही. वर तोंड करून असलेल्या त्या विहिरीत हवा अडकते आणि चार मिलिमीटरच्या छिद्रातून ती बाहेर पडण्याचे नाव घेत नाही. सेन्सर काढला तेव्हा टोक कोरडे होते. कूलंटचे तापमान मोजण्यासाठी विकलेल्या वस्तूमधला सेन्सर कूलंटने ओलासुद्धा झालेला नव्हता!

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आले, ‘धातू तापतोच ना, रीडिंग थोडे कमी येईल, ईसीयूमध्ये तेवढी भर घाला.’ हे वाचून हातातला पाना खाली ठेवला, कारण तो कुठेतरी फेकला गेला असता. दोन रबरी होजच्या मध्ये वाऱ्यावर लटकणारी ती नळी आपली उष्णता सतत बाहेर सोडत असते आणि हवेच्या खिशात बसलेल्या टोकापर्यंत तिच्यातली थोडीशीच पोहोचते, तीही उशिरा. हा फरक काही ठरावीक नसतो की दहा-वीस अंश मिळवले आणि काम भागले. इंजिन थंड असताना तो शून्य असतो, तापू लागले की वाढत जातो, गाडी वेगात असताना वाऱ्यामुळे वेगळा असतो आणि गर्दीत उभी असताना वेगळा. यात भर घालायची ती कुठली आणि किती? मग वस्तू परत पाठवतो म्हटले तर ‘वापरलेला माल परत घेतला जात नाही’ असे सांगण्यात आले. जी वस्तू वापरता येतच नाही ती वापरलेली कशी ठरते, याचे उत्तर मात्र आलेले नाही.

तापमानाचा आकडा म्हणजे डॅशबोर्डवरची शोभा आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यामुळे हे सगळे चालते. याच आकड्यावर ईसीयू पेट्रोलचे प्रमाण ठरवतो, इग्निशनचे टायमिंग ठरवतो, आयडलचा वेग ठरवतो आणि फॅन कधी लावायचा तेही ठरवतो. आकडा खोटा थंड आला की इंजिन तापलेले असूनही जास्तीचे पेट्रोल ओतले जाते, ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते, खाली उतरून ऑइल पातळ करते आणि उरलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावते. त्यात फॅन लागला नाही तर हेड गॅस्केट जाते आणि मग सगळे पुन्हा उघडा. पी०१२८ हा ‘इंजिन पुरेसे तापत नाही’ असे सांगणारा कोड पडला की लोक डोळे झाकून थर्मोस्टॅट बदलायला सांगतात, पण सेन्सर चुकीच्या जागी बसवला असेल तरीही तोच कोड पडू शकतो, याचा विचार कोणी करत नाही.

मुळात ही जागा बदलण्याची वेळ का येते? गाडीच्या रुंदीला आडवे बसवण्यासाठी बनलेले इंजिन लांबीच्या दिशेने उभे बसवले की गिअरबॉक्सच्या बाजूचे वॉटर आउटलेट थेट फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, भिडते. तेच आउटलेट छाटून किंवा बदलून बुटके करावे लागते आणि कंपनीने अगदी योग्य ठिकाणी, हेडमधून कूलंट बाहेर पडताना, दिलेली सेन्सरची जागा त्याच्याबरोबर जाते. बुटकी आउटलेट बनवून विकणारे आहेत, पण त्यांतल्या कित्येकांत सेन्सरला जागाच नसते. मग ‘वरच्या रेडिएटर होजमध्ये टाका’ असा सल्ला मिळतो. थर्मोस्टॅट बाहेर जाणाऱ्या वाटेवर असेल तर त्या होजमध्ये तो उघडेपर्यंत कूलंट फिरतच नाही. इंजिन ८० अंशांना पोहोचते आणि होज थंडगार असतो. थर्मोस्टॅट उघडला की आकडा एकदम उसळी मारतो, आणि तो अडकून उघडलाच नाही तर इंजिन उकळून जाईपर्यंत सेन्सरला पत्ता लागत नाही. ज्या बिघाडाची खबर सर्वांत आधी मिळायला हवी, नेमक्या त्याच बिघाडात ही जागा आंधळी असते. तरीही हा सल्ला देणारे इतक्या ठामपणे देतात की नवख्या माणसाला तेच शास्त्र वाटावे.

आणि ते आटे! पाकिटावर नुसते ‘१/८’ असे छापून मोकळे होणाऱ्यांवर माझा जुना राग आहे, तो या निमित्ताने पुन्हा वर आला. १/८ एनपीटीला (अमेरिकन पाइप मानक) इंचाला २७ आटे आणि ६० अंशांचा कोन. १/८ बीएसपीला (ब्रिटिश पाइप मानक) इंचाला २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन. शेजारी मेट्रिक एम१० बाय १.० उभाच आहे, ज्याचा पिच (दोन आट्यांमधले अंतर) दिसायला जवळजवळ तितकाच. तिन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे बिनबोभाट जातात आणि मग अडतात. घाईत असलेला माणूस जोर लावतो, ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि गळती कायमची मागे लागते. कोणते मानक आहे ते छापायला तीन-चार अक्षरे लागतात, तीही यांच्याने होत नाहीत. एम१२ बाय १.५ चा सेन्सर सरळ आट्यांचा असतो आणि तो तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वॉशरवर बसून सील होतो, म्हणून त्याला बॉसचा माथा सपाट हवा. या ॲडॉप्टरचा माथा टूलच्या खुणांनी खडबडीत होता, तो घासून सपाट करण्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले होते.

हे कमी पडले म्हणून की काय, एका ॲडॉप्टरवर दुसरा ॲडॉप्टर चढवून माप जुळवण्याची पद्धत आहे. प्रत्येक चढवलेल्या तुकड्याबरोबर सेन्सरचे टोक प्रवाहापासून आणखी वर सरकते, हे उघड आहे, पण ‘गळत नाही ना, मग झाले’ एवढीच कसोटी लावली जाते. गळत नाही हे ठीक; मोजते का ते कोण पाहणार?

डॅशबोर्डवरच्या गेजला तापमान कळवणाऱ्या सेंडरची कथा याहून संतापजनक आहे. एकाच वायरचा सेंडर आपल्या धातूच्या अंगातून अर्थ (विजेचा परतीचा मार्ग) घेतो. त्याला रबरी होजच्या मध्ये बसवले की तो अर्थ तुटतो आणि काटा मेल्यासारखा पडून राहतो. असल्या नळीला अर्थची वायर जोडण्यासाठी साधा स्क्रू द्यावा, एवढेही बहुतेक बनवणाऱ्यांना सुचत नाही. इंजिनात थेट बसवलेल्या सेंडरवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर गुंडाळणारेही असतात. अर्थ कच्चा राहिला की काटा मन मानेल तसा हलतो आणि दोष गेजला दिला जातो. फॅन लागला की काटा उडी मारतो, ही तक्रार तर सतत ऐकू येते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा बारीक किंवा गंजलेल्या अर्थ वायरीत असते. ईसीयूच्या सेन्सरला म्हणूनच दोन वायरी असतात आणि त्यातली दुसरी ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच परत न्यायची असते. ती जवळच्या कुठल्यातरी बोल्टला चिकटवून देणारा हार्नेस (वायरींचा जुडगा) मी सोडवला आहे आणि तो सोडवताना बांधणाऱ्याला मनापासून बोल लावले आहेत.

‘आटे जुळले म्हणजे सेन्सर जुळला’ म्हणणाऱ्यांनाही इथेच सांगून टाकतो. आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. ईसीयूच्या एका प्रचलित प्रकारात २० अंशांना सुमारे २५०० ओहम, तर १०० अंशांना २०० ओहमच्याही खाली. दुसऱ्या प्रकारात हेच आकडे वेगळे असतात, आणि गेजच्या सेंडरचे तर पूर्ण निराळेच. आटे तेच, कपलर तोच, आणि रोधाचा आलेख दुसरा, असे सर्रास घडते. गेज आणि ईसीयू अशी दोन्ही कामे एकाच सेन्सरच्या एकाच वायरीवर भागवणारेही भेटतात. गेजचा करंट ईसीयूच्या व्होल्टेजमध्ये मिसळतो आणि दोघांनाही खोटे कळते. वायर तुटली तर बरे, कारण तेव्हा स्कॅनर उणे ४० अंश दाखवतो आणि पी०११८ हा सेन्सरच्या सर्किटमधल्या बिघाडाचा कोड टाकून निदान बोंब तरी मारतो. खरा घात करतो तो पटण्यासारखा दिसणारा चुकीचा आकडा. ४६ अंश पाहून कोणालाही वाटेल की इंजिन तापते आहे, थोडे थांबू.

यावर एका जाणत्या म्हणवणाऱ्याने सुचवलेला उपाय ऐकला तेव्हा तर डोके सटकले: ‘थर्मोस्टॅटच काढून टाका, फॅन थेट चालू ठेवा, मग सेन्सर काहीही सांगो.’ म्हणजे इंजिन कधी नीट तापायचेच नाही, सतत जास्तीचे पेट्रोल पीत राहायचे आणि सिलिंडर झिजत राहायचे. एका भोकाचे माप चुकले म्हणून अख्ख्या कूलिंगची रचना मोडून ठेवायची, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आता ते निळे ॲडॉप्टर बाजूला टाकले आहे. बुटक्या आउटलेटवर, थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला, ॲल्युमिनियमचा बुटका बॉस वेल्ड करून घ्यायचा, त्याला एम१२ बाय १.५ चे आटे आरपार पाडायचे, माथा लेथवर सपाट करायचा, आणि आउटलेट इंजिनावर चढवण्याआधी सेन्सर लावून आतून पाहायचे की टोक खरोखर वाटेत उतरले आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने आउटलेटची गॅस्केटची बाजू वाकडी झाली तर तीही पुन्हा घासावी लागेल. हे सगळे काम, ओतून दिलेले कूलंट आणि वाया गेलेला वेळ, बॉसच्या तळाशी ड्रिल पूर्ण खाली न उतरवणाऱ्या त्या कारखान्याच्या नावावर जमा आहे.