नवनियुक्त सहायक प्राध्यापकास अनाहूत सल्ला

आपली नेमणूक झाली, याबद्दल प्रथम अभिनंदन. नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन, पीएच.डी. पदरात पाडून आणि तासिका तत्त्वावर उमेदीची वर्षे घालवून जो मनुष्य अखेर कायम होतो, त्याच्या मनात शिकवण्याची थोडीफार हौस शिल्लक असण्याचा धोका असतो. ती पहिल्याच सत्रात फेडून टाकावी, म्हणजे पुढील तीस वर्षे सुखाने जातात.

अध्यापनाचा पाया म्हणजे टिपणे. आपण स्वतः एम.ए.ला असताना आपल्या सरांनी जी उतरवून दिली, तीच सर्वांत विश्वासार्ह समजावीत, कारण ती त्यांनाही त्यांच्या सरांनी उतरवून दिलेली असतात. ती सावकाश, 'स्वल्पविराम', 'नवा परिच्छेद' अशा सूचनांसह सांगावीत. हात चालू असला की डोके बंद राहते आणि वर्गात अशी शांतता नांदते, की बाहेरून जाणाऱ्या प्राचार्यांना आपल्या व्यासंगाविषयी आदरच वाटावा. काळाबरोबर चालण्याची इच्छा असल्यास हाच मजकूर प्रोजेक्टरवर टाकून वर्गाकडे पाठ करून वाचावा. अहवालात त्याची नोंद माहिती तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर अशी होते.

एवढे करूनही एखादा विद्यार्थी प्रश्न विचारतोच. 'हे पुढच्या घटकात येईल' हे उत्तर बहुतेक वेळा पुरते, आणि घटक शेवटचाच असेल तर 'हे परीक्षेला नाही' असे सांगावे. मात्र सर्वांत गुणकारी उपाय वेगळाच आहे. 'वा, फार छान प्रश्न! आता तूच याचे उत्तर शोध आणि उद्या सगळ्या वर्गाला समजावून सांग,' असे प्रसन्न मुद्रेने म्हणावे. त्यानंतर वर्षभर त्या वर्गात कोणी हात वर करत नाही, आणि आपण मात्र विद्यार्थीकेंद्री अध्यापन करणारे ठरतो.

मुलांना समजले की नाही, ही काळजी आपण करू नये. ती कोणीच करत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार, वाट्याला आलेल्या तासांपैकी 80 टक्के किंवा त्याहून अधिक तास घेतले की अध्यापन 'चांगले' ठरते आणि त्याखाली 70 टक्क्यांपर्यंत 'समाधानकारक'. त्या तासांत काय झाले, यासाठी तक्त्यात रकाना नाही. शोधनिबंधाला मात्र रकाना आहे, शिवाय भाषा आणि सामाजिक शास्त्रांत एका निबंधाला 10 आणि विज्ञानात 8 गुणही आहेत. तेव्हा तासाची तयारी करत बसण्यापेक्षा तो वेळ कोठे सत्कारणी लावावा, हे आपल्यासारख्या सुज्ञास सांगणे नलगे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातला पहिला प्रश्नसुद्धा अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, हाच असतो. म्हणून पोर्शन संपवावा, भले तो शेवटच्या आठवड्यात तीन घटक एका तासात संपवावा लागो.

राहता राहिली प्रेरणा. तिच्यासाठी सत्रातून एकदा बाहेरचा वक्ता बोलवावा, प्रथम वर्षाची प्रात्यक्षिके रद्द करून सभागृह भरावे आणि अक्षांश-रेखांशासह छायाचित्र काढून ते फाइलला लावावे. 'मोठी स्वप्ने पाहा' असे वक्ता म्हणतोच, त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या व्यवस्थेला खरा उपद्रव एकाच प्रकारच्या माणसाचा होतो. प्रत्येक महाविद्यालयात असे एखादे सर किंवा मॅडम असतात, ज्यांचा तास घंटा झाल्यावरही सुटत नाही, ज्यांच्या वर्गातला वाद कॅन्टीनमध्ये चालू राहतो आणि ज्यांच्या वर्गात दुसऱ्या शाखेची मुलेही मागच्या बाकावर येऊन बसतात. अशांवर उघड टीका करू नये. त्यांच्या कार्यक्षमतेची प्राचार्यांकडे मनापासून स्तुती करावी, म्हणजे परीक्षा विभाग, राष्ट्रीय सेवा योजना आणि नॅकचे दोन-तीन निकष त्यांच्याकडे आपोआप सोपवले जातात. तरीही त्यांचा वर्ग भरतच राहिला, तर वेळापत्रक समितीवर स्वतःची वर्णी लावून घ्यावी आणि त्यांना शनिवारचा शेवटचा तास द्यावा. मुले तेथेही आली, तर त्यांचा हजेरीपट तपासणीसाठी मागवावा. अशा शिक्षकांकडून मुलांची हजेरी घ्यायची बहुधा राहून गेलेली असते, आणि 75 टक्के उपस्थितीचा नियम तर सर्वांना सारखाच आहे.